हात धरल्याची नोंद

ईश्वरी कोळेकरचा त्वचांक एकतीस आला. इंजेक्शन मिळण्यासाठी किमान चाळीस लागत होता.

मिरजेच्या विभागीय त्वचा केंद्रात डॉ. नसीम मुजावर यांनी संगणकाचा पडदा हेमलताकडे वळवला, तेव्हा तिला आधी वाटलं की आकडा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. तिने वरचं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली आणि शेजारी बसलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं. ईश्वरी सतरा वर्षांची होती. तिच्या कोपरांच्या आतली कातडी जाड, काळपट आणि रेघारेघांची झाली होती. मानेभोवतीही तसाच पट्टा होता, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा ती ओढणी सोडत नसे. ती अकरा महिन्यांची असताना गालांवर उठलेलं पुरळ इसबाचं आहे हे कळायला चार महिने गेले होते. तेव्हापासून तिची कातडी पूर्ण बरी आहे असा एकही दिवस उगवला नव्हता.

"एकतीस म्हणजे मध्यम," डॉक्टर म्हणाल्या. सांगताना त्यांचाही आवाज उतरला होता.

हेमलताने विचारलं की यंत्र बिघडलं असेल तर पुन्हा मोजता येईल का. डॉक्टरांनी मान हलवली. यंत्र ठीक होतं. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल, तोपर्यंत मलम चालू ठेवा, असं त्या म्हणाल्या. सोळा वर्षं मलम लावणाऱ्या बाईला ते सांगताना त्यांना अवघड झालं असावं, कारण त्या उठून दारापर्यंत सोडायला आल्या.

या यंत्रासाठी खरं तर डॉ. मुजावर स्वतः चार वर्षं भांडल्या होत्या. पूर्वी इसब किती तीव्र आहे हे डॉक्टर डोळ्यांनी ठरवत. रुग्णाचा तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का असं धरून किती भाग व्यापलाय ते बघायचं, मग लाली, सूज, ओरखडे आणि जाड झालेली कातडी अशा चार गोष्टींना शून्य ते तीन गुण द्यायचे. दोन डॉक्टरांचे गुण क्वचितच जुळत. शिवाय सावळ्या कातडीवर लाली लाल दिसतच नाही. ती जांभळट किंवा राखाडी दिसते, आणि गोऱ्या कातडीचे फोटो बघून शिकलेले डॉक्टर तिला शून्य देऊन मोकळे होत. खाजेचं तर मापच नव्हतं. रुग्णाला विचारायचं, आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा किंवा ठेवायचा नाही.

त्वचामापीने हे सगळं बदललं. त्याचा एक भाग हातात धरायच्या कांडीसारखा होता. तो कातडीखाली ध्वनिलहरी आणि प्रकाश सोडून तिची जाडी, आतला रक्तप्रवाह आणि बाहेर उडून जाणारं पाणी मोजायचा. कातडीचा रंग कोणता आहे याचा त्याला फरक पडत नव्हता. दुसरा भाग म्हणजे दोन्ही मनगटांत चौदा दिवस घालायची रबरी कडी. नखं कातडीवर घासली गेली की हाडांतून एक बारीक कंपन जातं, ते या कड्यांना ऐकू येई. कूस बदलणं, केस सारखे करणं आणि खाजवणं यांतला भेद त्यांना अचूक कळे. त्वचांकाचे निम्मे गुण या खाजवण्याला होते आणि त्याला शास्त्रीय कारण होतं. इसबात कातडीची भिंत आधीच विरविरीत असते. खाजवलं की ती फुटते, फुटलेल्या जागेतून धूळ आणि जंतू आत जातात, शरीर त्यांच्याशी लढायला धावतं आणि त्या लढाईतून आणखी खाज सुटते. जो जास्त खाजवतो त्याचा आजार पुढे वाढणार, हे हजारो रुग्णांच्या नोंदींतून सिद्ध झालं होतं.

आणि आता वर्षातून दोनदा घ्यायचं एक इंजेक्शन निघालं होतं. खाजेचा निरोप मेंदूकडे नेणारा धागाच ते शांत करत असे. राज्याच्या त्वचा औषध मंडळाकडे ते मोजकंच येई, म्हणून ज्यांचा त्वचांक चाळीस किंवा त्याहून जास्त त्यांनाच ते मिळे. विकत घेण्याचा विचार कोळेकरांच्या घरात कुणी केलाही नव्हता.

घर तासगावला होतं. हेमलताचा नवरा विश्वास बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता. हेमलता लग्नाआधी आणि नंतरही दोन वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक होती. मुलीचं दुखणं कायमचं आहे हे कळल्यावर तिने नोकरी सोडली.

तिचं काम सकाळी कोमट पाण्याच्या आंघोळीने सुरू होई. अंग पुसायचं नाही, फक्त टिपायचं, आणि तीन मिनिटांच्या आत मलम लावायचं, नाहीतर कातडी परत कोरडी पडते. मग कोपरांना आणि गुडघ्यांच्या मागे ओल्या सुती कापडाच्या पट्ट्या, वर कोरडं कापड. दर तिसऱ्या दिवशी नखं घासायची. दुपारी पुन्हा मलम, रात्री पुन्हा. आणि ईश्वरी झोपली की शेजारी पडून तिचा हात हातात घ्यायचा. झोपेत मुलीची बोटं मानेकडे निघाली की हेमलताला त्याआधीच जाग येई. ती बोटं अलगद परत आणून ठेवायची. ईश्वरीला जाग येत नसे. सोळा वर्षांत हे इतकं सवयीचं झालं होतं की हेमलता याला काम म्हणत नव्हती, आणि डॉक्टरांनी घरी काय करता असं विचारलं की ती एवढंच सांगे, "मलम लावतो वेळेवर."

ईश्वरीला परभणीला अन्नतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. बारावीनंतर, म्हणजे पुढच्या वर्षी. तिथे वसतिगृहात राहावं लागणार. वसतिगृहात हात धरायला कोण असणार, हा प्रश्न घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण इंजेक्शन मिळेल आणि तो प्रश्नच उरणार नाही असं तिघांनीही मनात धरलं होतं.

एकतीसचा अर्थ आधी ईश्वरीला कळला. मिरजेहून परतल्यावर चौथ्या दिवशी, हेमलता तिच्या मानेला मलम लावत असताना ती म्हणाली, "आई, ते कडं माझं खाजवणं मोजतं. तू मला खाजवूच देत नाहीस."

हेमलताचा हात थांबला.

"कांडी कातडी बघते. ती तू रोज सारवून ठेवतेस. मग आकडा येणार कुठून?"

हे ऐकून विश्वास जेवताना बराच चिडला. तो म्हणाला, म्हणजे ज्या आईबापांनी पोराकडे बघितलं नाही त्यांना औषध आणि आपल्याला ठेंगा. त्याने मंडळाच्या मदत क्रमांकावर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्याला सांगण्यात आलं की त्वचांक वस्तुनिष्ठ आहे आणि त्यावर अपील होत नाही.

मग ईश्वरीनेच ठरवलं. पुढच्या मोजणीचे चौदा दिवस मलम बंद, पट्ट्या बंद, आणि आईने दुसऱ्या खोलीत झोपायचं. हेमलता आठवडाभर नाही म्हणत राहिली. शेवटी ईश्वरी म्हणाली की मला आयुष्यभर तुझ्याशेजारी झोपायचं नाही, आणि हे ऐकल्यावर हेमलताने होकार दिला.

दुसरी मोजणी जानेवारीत झाली, कोरड्या थंडीत. पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले. पाचव्या दिवशी ईश्वरीला मान वळवता येईना, आणि ती कॉलेजला गेली नाही. सहाव्या दिवसापासून घरात काय चाललं होतं हे विश्वासला माहीत नव्हतं, ईश्वरीलाही नव्हतं. चौदाव्या दिवशी मात्र ती खूश होती, कारण तिची कातडी फुटली होती आणि आरशात ती चांगलीच वाईट दिसत होती.

त्वचांक सदतीस आला.

डॉ. मुजावर यांनी या वेळी आकडा सांगून विषय संपवला नाही. त्यांनी कड्यांची मूळ नोंद उघडली होती. पडद्यावर निळ्या रेघा होत्या. पहिल्या पाच दिवसांत हाताची हालचाल सुरू होऊन पुढे अर्धा अर्धा मिनिट खाजवल्याची दाट रेघ उमटत होती. सहाव्या दिवसापासून चित्र पालटलं होतं. हालचाल सुरू व्हायची आणि दोन सेकंदांत थांबायची. सुरू, थांबली. सुरू, थांबली. आणि प्रत्येक थांबण्यानंतर कड्याने आणखी एक गोष्ट टिपली होती. कातडीवरचं कंपन ऐकणाऱ्या त्या यंत्राला मनगटातल्या नाडीचे ठोकेही ऐकू येत. ईश्वरीच्या ठोक्यांच्या मागे, वेगळ्या लयीत, दुसरे ठोके होते.

"इथे दोन नाड्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी प्रश्न विचारला नाही.

ईश्वरीने आईकडे पाहिलं. हेमलता पडद्याकडेच बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तू झोपल्यावर येत होते. रक्त आलं होतं. मला बघवलं नाही."

"तीन कमी पडले," ईश्वरी म्हणाली. "फक्त तीन. तू माझा आकडा खाल्लास, आई."

परतीच्या एसटीत ती पुढच्या सीटवर एकटी बसली. त्यानंतर महिनाभर तिने आईला अंगाला हात लावू दिला नाही. आरशासमोर उभी राहून जमेल तसं मलम ती स्वतः लावायची. पाठीला आणि गुडघ्यांच्या मागे नीट पोचत नसे. तिने आपली खोली आतून लावून घ्यायला सुरुवात केली. हेमलता बाहेर पलंगावर पडून राहायची आणि आत काय होत असेल याचा अंदाज करायची. विश्वासने दोघींना समजवायचा प्रयत्न केला. त्याला हेमलताचंही चुकलं असं वाटत होतं आणि ईश्वरीचंही, आणि दोघींपैकी कुणालाच ते ऐकायचं नव्हतं.

इकडे डॉ. मुजावर यांच्या डोक्यातून त्या दोन नाड्या जात नव्हत्या. फेब्रुवारीत त्यांनी स्वतः फोन केला आणि दोघींना बोलावून घेतलं. त्यांच्या मनात एक प्रयोग होता. ईश्वरीने कडी घालायची, आणि हेमलतानेही. चौदा दिवस. नेहमीसारखी सगळी काळजी घ्यायची, काही लपवायचं नाही. मुलीची हालचाल किती वेळा सुरू झाली आणि आईच्या हाताने ती किती वेळा थांबवली, हे दोन्ही नोंदी शेजारी ठेवून मोजता येईल. मग थांबवलेली प्रत्येक हालचाल पुरी झाली असती तर त्वचांक किती आला असता, याचं गणित करता येईल.

"मी आजपर्यंत समजत होते की मी आजार मोजते," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुमचा हात वजा करून उरलेलं मोजत होते."

ईश्वरी नाखुशीनेच तयार झाली. चौदा दिवस तिने खोलीचं दार आतून लावलं नाही.

निकाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी दोघींच्या नोंदी छापून टेबलावर ठेवल्या. ईश्वरीचा त्वचांक एकतीसच होता. थांबवलेल्या हालचाली धरल्या तर तो अठ्ठावन्न होत होता. डॉक्टर त्यातला हिशोब समजावत होत्या, पण ईश्वरीचं लक्ष आईच्या कागदावर होतं. त्यावर लिहिलं होतं की एका रात्रीत सरासरी एकाहत्तर वेळा हात धरला गेला. खाली आणखी एक ओळ होती, डॉक्टरांनीही ती वाचून दाखवली नव्हती. चौदा दिवसांतली सलग झोप, जास्तीत जास्त: बावन्न मिनिटं.

ईश्वरीने तो कागद घडी घालून आपल्या पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीनंतर ती आईपुढे पाठ करून बसली, आणि हेमलताने मलमाचं झाकण उघडलं.

डॉ. मुजावर यांनी दोन्ही नोंदी, आपलं गणित आणि चार पानांचं पत्र मंडळाकडे पाठवलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं. नोंद रुग्णाच्या शरीराची असावी. अन्य व्यक्तीच्या शरीरावरील मोजमापे विचारात घेण्याची तरतूद नाही. शिवाय रुग्णासाठीचं उपकरण रुग्ण नसलेल्या व्यक्तीला घातल्याबद्दल केंद्राकडून खुलासा मागवला होता.

डॉक्टरांनी खुलासा लिहिला. मग त्यांनी पुन्हा पत्र लिहिलं, आणि त्याला उत्तर आलं नाही म्हणून आणखी एक. विश्वासने आमदारांच्या स्वीय सहायकाला गाठलं. त्यानेही एक पत्र दिलं, आणि त्याची पोच आली. तोवर बारावीची परीक्षा होऊन निकाल लागला, ईश्वरीला परभणीला प्रवेश मिळाला, वसतिगृहाची यादी लागली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मंडळाने पुण्यात सुनावणीची तारीख दिली.

सुनावणी म्हणजे एका लांब टेबलाभोवतीची बैठक होती. मंडळाचे सदस्य सचिव डॉ. विद्याधर सबनीस हे साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. ते अजिबात उद्धट नव्हते. त्यांनी हेमलताला आधी पाणी विचारलं, ईश्वरीचे मार्क विचारले. मग शांतपणे आपली अडचण मांडली. राज्यात इसबाचे लाखो रुग्ण, इंजेक्शनं काही हजार. पूर्वी ओळखीवर औषधं जात होती, ती या आकड्याने थांबली. आता मी एका घरासाठी अंदाज मान्य केला तर उद्या प्रत्येक जण अंदाज घेऊन येईल.

हेमलताला बोलायचं होतं ते तिने एसटीत मनातल्या मनात बरेचदा म्हटलं होतं, पण आयत्या वेळी त्यातलं काही आठवलं नाही. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या यंत्राला मी खोटं म्हणत नाही. पण त्यानं मोजलं ते माझ्या मुलीचं दुखणं नाही. मी हात धरून उरलं, तेवढंच मोजलं. दुखणं आहे तेवढंच आहे. ते फक्त दोघींत वाटलंय."

डॉ. सबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला पटतंय," ते म्हणाले. "पण जे झालंच नाही, ते मोजलं असं मी कसं लिहू?"

मग त्यांनी एक मार्ग सुचवला. तो त्यांना तिथेच सुचला होता आणि तो सांगताना त्यांना खरोखरच बरं वाटत होतं. ईश्वरीला पाच दिवस केंद्रात दाखल करायचं. मलम नाही, पट्ट्या नाहीत, आईने वॉर्डात यायचं नाही. त्याला ते काळजीविरहित निरीक्षण म्हणाले. डॉक्टर देखरेखीला असतील, जिवाला धोका नाही. पाच दिवसांत येईल तो आकडा मंडळ मान्य करेल. डॉ. मुजावर यांनी लगेच हरकत घेतली. मुलीला मुद्दाम आजारी पाडून मग तपासायचं हे कुठल्या वैद्यकशास्त्रात बसतं, असं त्यांनी विचारलं. डॉ. सबनीस म्हणाले की तुमच्याकडे दुसरा मोजता येण्यासारखा मार्ग असेल तर सांगा. डॉ. मुजावर यांचा दोन नोंदींचा मार्ग टेबलावरच पडला होता, पण त्याला तरतूद नव्हती.

ईश्वरीला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते, म्हणून संमतिपत्रावर आईची सही हवी होती. हेमलता कागदाकडे बघत बसून राहिली.

"आई, सही कर," ईश्वरी म्हणाली. "या वेळी मी झोपल्यावर येऊ नकोस."

हेमलताने सही केली.

ते पाच दिवस हेमलताने मिरजेतच, केंद्रासमोरच्या एका लॉजमध्ये काढले. विश्वास कामावरून रोज संध्याकाळी येऊन जायचा. वॉर्डात जायला तिला परवानगी नव्हती, पण जिन्याजवळच्या बाकावर बसायला कुणाची हरकत नव्हती. पहिल्या दिवशी तिने सोबत आणलेलं विणकाम काढलं आणि परत ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डातली नर्स जाता जाता म्हणाली की मुलगी धीराची आहे. चौथ्या दिवशी तीच नर्स तिची नजर चुकवून गेली. त्या दिवशी दुपारी डॉ. मुजावर बाहेर येऊन तिच्याशेजारी बाकावर बसल्या. ताप आहे, गुडघ्यामागच्या जखमेत जंतुसंसर्ग झालाय, मी आत्ता हे थांबवू शकते, असं त्या म्हणाल्या. थांबवलं तर नोंद अपुरी धरली जाईल. ईश्वरीला विचारलं तर ती थांबवू नका म्हणतेय.

हेमलताने विचारलं, "ती झोपते का?"

"झोपेतच खाजवते," डॉक्टर म्हणाल्या.

हेमलता उठून जिन्यापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कडी काढली. त्वचांक त्रेपन्न आला.

इंजेक्शन ईश्वरीला दोन आठवड्यांनी मिळालं, कारण आधी जंतुसंसर्ग बरा व्हावा लागला. त्या जखमेची खूण तिच्या गुडघ्यामागे राहिली. पण औषधाने काम केलं. महिन्याभरात खाज निम्म्यावर आली, दोन महिन्यांत मानेची कातडी मऊ पडू लागली. ती वर्ग सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी परभणीला पोचली. पहिल्या सुटीत घरी आली तेव्हा तिच्या गळ्यात ओढणी नव्हती. ती खोलीत एकटी, दार उघडं ठेवून झोपली. हेमलता बाहेरच्या पलंगावर पडून ऐकत राहिली आणि केव्हातरी तिलाही झोप लागली. ती सकाळी साडेसातला उठली. तोवर विश्वासने स्वतःच चहा करून घेतला होता.

हेमलताने हायस्कूलमध्ये चौकशी केली. प्रयोगशाळेत आता सहायकाची जागा नव्हती, पण कार्यालयात अर्धवेळ काम मिळालं. सगळं मार्गी लागलं असं लोक म्हणत होते, आणि तीही तसंच म्हणत होती.

दीड वर्षाने एका दुपारी तिला फोन आला. पलीकडून एक बाई लातूरहून बोलत होती. तिचं नाव वर्षाराणी सोमवंशी. तिने आधी खात्री करून घेतली, "तुम्हीच ना त्या कोळेकर बाई? ज्यांच्या नावाची चाचणी आहे?"

हेमलताला काही समजलं नाही. तेव्हा त्या बाईने सगळं सांगितलं. मंडळाने नवा नियम केला होता. ज्या रुग्णाची घरी नियमित काळजी घेतली जाते, त्याचा त्वचांक आता पाच दिवस दाखल करून, काळजी बंद ठेवूनच मोजायचा. अशा रुग्णांवर पूर्वी अन्याय होत होता, तो दूर करण्यासाठी ही सुधारणा, असं परिपत्रकात म्हटलं होतं. सगळ्या केंद्रांत तिला कोळेकर चाचणी म्हणत. वर्षाराणीच्या मुलाला सोमवारी दाखल करायचं होतं.

"केवढा आहे?" हेमलताने विचारलं.

"चार वर्षांचा."

हेमलता खुर्चीत बसली. तिने विचारलं की त्याचे हात कोण धरतं. एक दिवस मी, एक दिवस माझी सासू, असं ती बाई म्हणाली. मग तिने ज्यासाठी फोन केला होता ते विचारलं. तुमच्या मुलीचं नीट झालं ना? म्हणजे पाच दिवसांचं काही वाटून घेऊ नये ना?

हेमलताला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. ईश्वरी नीट झाली होती. सही हेमलताने स्वतः केली होती, पण ईश्वरीच्या सांगण्यावरून. आणि ईश्वरी तेव्हा सतरा वर्षांची होती, कशासाठी सोसतोय हे तिला माहीत होतं. चार वर्षांच्या पोराला ते कोण सांगणार?

"सही करू नका," ती म्हणाली. "मी येते."

तिने डॉ. मुजावर यांना फोन लावला. डॉक्टरांना परिपत्रक दोन महिन्यांपूर्वीच आलं होतं. त्यांनी त्यावर हरकत लिहून पाठवली होती, उत्तर आलं नव्हतं. हेमलताला कळवायचं त्यांनी टाळलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. मग हेमलताने ईश्वरीला फोन केला. ती म्हणाली की मीही येते, परभणीहून लातूर जवळच आहे.

सोमवारी सकाळी लातूरच्या केंद्रात चौघी जणी खिडकीसमोर उभ्या होत्या. वर्षाराणी, मुलाला कडेवर घेतलेली तिची सासू, हेमलता आणि ईश्वरी. मुलाच्या दोन्ही हातांत सुती मोजे होते आणि तो आजीच्या खांद्यावर गाल घासत होता. ईश्वरीने त्याच्या गालाखाली आपला तळहात सरकवला. तो तळहातावर गाल घासू लागला.

कारकुनाने संमतिपत्र पुढे केलं. त्यावर दोन चौकोन होते, संमती आहे आणि संमती नाही. दुसऱ्यावर खूण केली तर अर्ज निकाली निघणार होता. वर्षाराणीने हेमलताकडे पाहिलं. हेमलताने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्याकडून लिहून घेतलं: पाच दिवस आम्ही याचे हात सोडणार नाही. मोजायचं असेल तर आम्हालाही कडी घालून, आमच्यासकट मोजा. खाली वर्षाराणीने सही केली, सासूने केली. साक्षीदार म्हणून हेमलताने आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली ईश्वरीने.

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. असा पर्याय फॉर्मवर नाही, असं तो म्हणाला.

"म्हणून तर हाताने लिहिलाय," हेमलता म्हणाली.

त्याने आत जाऊन कुणाला तरी विचारलं. परत येऊन तो म्हणाला की साहेब जेवायला गेलेत. साडेदहाच वाजले होते. चौघींपैकी कुणीच खिडकीवरून हललं नाही. मागे रांग वाढत होती, आणि रांगेतली एक बाई पुढे वाकून विचारत होती की काय लिहिलंय त्यावर, जरा मोठ्याने वाचा. कारकुनाने शिक्का उचलला, शाईच्या डबीवर दाबला आणि कागदावर आवक क्रमांक टाकला.